मेजावरील थळघाट

मुंबईहून नाशिककडे निघालेली आगगाडी आसनगाव सोडते, तेव्हा डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. शहापूरकरांचे स्थानक ते हेच. पुढे आटगाव, खर्डी, उंबरमाळी अशी स्थानके मागे पडतात आणि कसाऱ्यास गाडी अंमळ अधिक वेळ विसावते. सरावलेले प्रवासी तेवढ्यात चहा उरकून घेतात. मुले मात्र खिडकीतून मागे पाहत असतात. कारण येथे पुष्कळ गाड्यांच्या शेपटास आणखी एंजिने येऊन लागतात. पुढच्याने ओढावे आणि मागच्यांनी रेटावे, तेव्हा कोठे गाडी घाट चढून इगतपुरीस पोहोचते. हाच थळघाट. कसाऱ्याच्या नावाने तो अधिक ओळखला जातो.

या घाटाची मोहिनी अशी आहे, की तो घरातल्या मेजावर उतरवावा असे एखाद्याच्या मनात आले तर त्यात नवल नाही. लहान आकाराच्या रुळांवरून चालणारी आगगाडी हे केवळ मुलांचे खेळणे आहे, अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती. पुण्यास कर्वे रस्त्यावर जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली लोकांस खुले झाले, त्यानंतर ती समजूत पुष्कळ ओसरली. एका गृहस्थाच्या छंदातून उभी राहिलेली ती इवलीशी नगरी पाहण्यास आजोबा नातवंडांना घेऊन जातात, आणि बाहेर पडताना नातवंडांपेक्षा आजोबाच अधिक रेंगाळतात. तथापि तयार झालेली गाडी पाहणे निराळे आणि रूळ स्वतः घालणे निराळे. एंजिन बाजारात विकत मिळते, डबे मिळतात, झाडे आणि सिग्नलही मिळतात. मार्ग मात्र ज्याचा त्यालाच घालावा लागतो, आणि तो एकदा घालून भागत नाही.

शहापूरचे एक निवृत्त मास्तर होते असे समजावे. सहा वर्षांची नात हट्ट धरून बसली, की यंदा गणपतीच्या आराशीत कसाऱ्याची गाडी हवी. मास्तर गणिताचे. त्यांनी प्रथम कागद घेतला, आणि येथेच त्यांना पहिला धक्का बसला.

लघुरेल्वेत सर्वांत अधिक प्रचार आहे तो सत्त्याऐंशीपट लहान मापाचा. या मापाचे तयार रूळ जेथे तेथे मिळतात, आणि त्यांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. पण हे अंतर विलायतेतील रुळांच्या हिशेबाने धरलेले आहे. तिकडे दोन रुळांत ४ फूट ८॥ इंच अंतर असते, आपल्या मोठ्या मार्गात ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्यास ८७ ने भागिले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. तात्पर्य, तयार रुळांवर देशी गाडी ठेवली की ती अरुंद पायांवर उभ्या असलेल्या लठ्ठ माणसासारखी दिसते. काही हौशी लोक या पावणेतीन मिलिमीटरांसाठी प्रत्येक रूळ हाताने घडवितात. मास्तरांनी तो नाद धरला नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. आपली दृष्टी रुळांच्या अंतराकडे क्वचितच जाते. वळणाच्या डौलाकडे मात्र अडाण्याचीही जाते.

खरी अडचण घाटाच्या आकारमानाची. थळघाटाचा चढ सव्वानऊ मैलांहून किंचित अधिक लांब आणि ९७२ फूट उंच. मापात बसविला तर तो पावणेदोनशे मीटर लांब आणि जवळजवळ साडेतीन मीटर उंच होतो. म्हणजे कसारा ओटीवर ठेवावा तर इगतपुरी माडीवर जाते आणि मधली वाट तहसील कचेरीला वळसा घालून येते. घाटातील सर्वांत आखूड वळणाची त्रिज्या १७ साखळ्या, म्हणजे सुमारे ३४२ मीटर. मेजावर तिचे जवळजवळ चार मीटर होतात. तेवढे एक वळण पुरे फिरवायचे झाले तरी सव्वीस फूट रुंदीचे दालन हवे! मास्तरांच्या ओटीवर बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद एवढीच जागा. त्यांना साठ सेंटिमीटर त्रिज्येवर समाधान मानावे लागले. खऱ्या मापात ते वळण बावन्न मीटरांचे होते. घाटातील कोणतेही एंजिन अशा वळणावर क्षणभरही उभे राहणार नाही.

एक गोष्ट मात्र माप लहान केल्याने बदलत नाही, ती म्हणजे चढाचे प्रमाण. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे, असा थळघाटाचा कमाल चढ आहे. सदतीस इंचांत एक इंच किंवा सदतीस बोटांत एक बोट, प्रमाण तेच. बारा फुटांच्या मेजावर या हिशेबाने चार इंचांना थोडी कमी उंची मिळते. एका मार्गाने दुसऱ्या मार्गावरून जावयाचे तर मधे निदान तीन इंच मोकळे हवेत. गणित जमले. मास्तरांनी अट्टाहासाने १:३७ हाच चढ ठेवला, कारण एवढी एक गोष्ट तरी खऱ्या घाटाशी तंतोतंत जुळणार होती.

वैशाखात काम सुरू झाले. खाली लाकडी चौकट, तीवर फळ्या, फळ्यांवर आवाज मुरावा म्हणून बुचाच्या पातळ पट्ट्या, आणि त्यांवर लवचीक रूळ. यार्डभर लांबीचा हा रूळ हाताने हवा तसा वळविता येतो. वळविताना आतील रूळ बाहेर सरकून लांब होतो. तो कापावा, कानशीने टोक गुळगुळीत करावे, आणि पुढच्या तुकड्याशी पितळी सांधपट्टीने जोडावा. ही सांधपट्टी म्हणजे खऱ्या मार्गावरील फिशप्लेटीची धाकटी बहीण. तिच्यावर काम मात्र दुहेरी पडते. रूळ सरळ रेषेत ठेवावयाचे आणि वीजही पुढे न्यावयाची, कारण या गाडीस लागणारी बारा व्होल्टची वीज रुळांतूनच चाकांना मिळते. ज्येष्ठ संपता संपता मार्ग पुरा झाला. पांढऱ्या गोंदात पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून मास्तरांनी बारीक खडीही चिकटवून टाकली. साबणाच्या थेंबाने पाण्याचा ताण मोडतो आणि गोंद खडीत मुरतो. युक्ती उत्तम, पण घाईची होती. खडी ही अगदी शेवटी, आणि गाडी निदान एक पावसाळा चालवून पाहिल्यानंतर घालावयाची वस्तू आहे.

आषाढात पाऊस लागला आणि गाडी पडू लागली. सहावी वाघीण, पुलाच्या पुढच्या वळणावर, दर वेळी त्याच जागी. मास्तरांनी वाघीण बदलली, तर बदललेलीही पडली. रूळ पुसले, चाकांत तेल घातले, त्या जागी दोन खिळे अधिक ठोकले. नात एकेक वाघीण उचलून पुन्हा रुळांवर ठेवी, आणि अखेर तिनेही कंटाळून विचारले, "आजोबा, खरी गाडी अशी पडते का हो?"

शेजारी लोहमार्गावरचे एक जुने मुकादम राहत. हातोडा आणि पाना घेऊन स्लीपर तुडवीत त्यांनी कसारा-खर्डीच्या दरम्यान उभी नोकरी काढलेली. ते आले, पण त्यांनी वाघिणीकडे पाहिलेच नाही. गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, त्यांनी रुळाच्या रेषेत नजर लावली. मुकादम खऱ्या मार्गावर असेच पाहतात. उभ्याने सरळ दिसणारा रूळ असा पाहिला की त्याची प्रत्येक खोड उघडी पडते.

"मास्तर, गाडी पडते तिथं खोट नसते," ते म्हणाले. "खोट हातभर मागं असते. चाक मागंच चढतं, पडतं पुढं जाऊन."

मागे खरोखरच खोट होती. एक नव्हे, तीन. पहिली सांध्याची. वैशाखाच्या कोरड्या हवेत घातलेल्या फळ्या आषाढात ओल पिऊन फुगल्या. धातूचा रूळ ओलीने वाढत नाही, तेव्हा फळीवर खिळलेले दोन तुकडे एकमेकांपासून दूर ओढले गेले आणि सांध्यात नखभर फट पडली. भर पावसाळ्यात मार्ग घातला असता तर याच्या उलट झाले असते. हिवाळ्यात फळ्या आक्रसून रूळ एकमेकांवर रेटले असते आणि मार्ग नागासारखा वाकला असता. लाकूड आडव्या तंतूत अधिक हलते, उभ्या तंतूत फार थोडे, म्हणून जाणते लोक फळीचा तंतू मार्गाच्या दिशेने ठेवतात. ते न जमल्यास चांगले प्लायवूड घेऊन चारी बाजूंनी रंग देतात.

दुसरी खोट अशी, की ही फट नेमकी वळणात आली होती. वळवलेला रूळ सरळ होऊ पाहतो आणि सर्व जोर त्याच्या टोकांवर येतो, म्हणून वळणातील सांध्यास कोन फुटतो. मुकादमांनी बोट फिरवून दाखविले. डोळे मिटून बोट फिरविले तर जे डोळ्यांना दिसत नाही ते बोटास टोचते. यावर उपाय म्हणजे सांधा वळणातून काढून सरळ भागात न्यावा. ते न साधल्यास दोन तुकडे सरळ असतानाच डाख देऊन एकजीव करावेत आणि मग वळवावेत. वाढ-घट होण्यासाठी फट ठेवावयाची ती सरळ मार्गात, जेथे थोडी हालचाल झाली तरी चाकास कळत नाही. आणि फटीच्या दोन्ही बाजूंस खालून तारा जोडाव्यात, म्हणजे सांधा सैल झाला तरी वीज तुटत नाही.

तिसरी खोट मोठी होती, आणि मास्तरांना ती सांगणे मुकादमांच्या जिवावर आले. सपाट पुलावरून मार्ग एकदम सदतीसाच्या चढास लागत होता, आणि त्याच जागी डावे वळण संपून लागलीच उजवे सुरू होत होते. खऱ्या घाटात चढ असा दाराच्या उंबऱ्यासारखा उभा राहत नाही. सपाटी आणि चढ यांच्यामध्ये हळूहळू वाढणारा एक लांबट बाक असतो. त्याचप्रमाणे सरळ मार्गातून वळणात शिरतानाही वळण क्रमाक्रमाने आवळत जाते. दोन उलट वळणांमध्ये सरळ मार्ग ठेवतात; मेजावर तो निदान सर्वांत लांब डब्याएवढा तरी हवाच, नाही तर शेजारच्या डब्यांची टोके विरुद्ध दिशांना जातात आणि मधली कडी एका चाकास उचलून रुळाबाहेर ठेवते. आखूड वळणावर चढाचा भारही वाढतो, कारण चाकांच्या कडा रुळास घासत जातात.

मास्तरांनी एक शेवटचा मार्ग काढून पाहिला. कसाऱ्याप्रमाणे त्यांनी मागे दुसरे एंजिन लावले. घाटात मागून रेटण्याचे कारण असे आहे, की सगळा भार पुढूनच ओढला तर डब्यांमधील कड्यांवर फार ताण पडतो. शिवाय कडी तुटलीच तर मागचे एंजिन डबे घसरू देत नाही. मेजावर मात्र उलटेच झाले. वाघिणी हलक्या आणि वळण आखूड. दोहोंकडून दाबताच मधल्या दोन वाघिणी चिमटीतून निसटलेल्या चिंचोक्यासारख्या उडाल्या. आकार लहान करता येतो, पण वजन आणि घर्षण त्याच मापाने लहान होत नाहीत. तंतोतंत नक्कल करण्याचा हट्ट येथे फसतो.

आता उपाय एकच होता. पुलापासून बोगद्यापर्यंतचा सारा मार्ग उखडावा आणि नव्याने घालावा. चतुर्थी अकरा दिवसांवर आलेली. मास्तर दोन दिवस ओटीवर फिरकलेच नाहीत. ज्याने हाताने काही घातले आहे, त्यालाच उखडण्याचे दुःख कळते. त्या दुःखापायी कितीतरी मेजांवर गाडी कायमची उभी राहिली आहे आणि रुळांवर धूळ बसली आहे.

मुकादमांना घाटाचा इतिहास पुस्तकातून ठाऊक नव्हता, पण मुरलेल्या कामगारास तो जसा असावा तसा ठाऊक होता. "साहेबांनीही उखडला, मास्तर," एवढेच ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. ज्या घाटाची ही नक्कल चालली होती, तो मूळ घाटही एका झटक्यात सिद्ध झालेला नाही.

किंबहुना त्याची पहिली दुरुस्ती कागदावरच झाली. सह्याद्री चढून जाणाऱ्या लोहमार्गाची कल्पना मुंबई सरकारचे अभियंता जॉर्ज क्लार्क यांनी १८४३ साली मांडली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे प्रवर्तक जॉन चॅपमन यांच्या आराखड्यात मार्ग चढणार होता तो मुरबाडच्या माथ्यावरील माळशेज घाटाने. वर पोहोचल्यावर त्याला दोन फाटे फुटावयाचे होते. पुढे कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी डोंगराची नव्याने मोजणी करविली आणि माळशेज सोडून दिला. एका घाटाऐवजी दोन आले, ईशान्येस थळ आणि आग्नेयेस बोर. पेन्सिलीची एक रेघ पुसली गेली आणि दुसरी उमटली. त्यामुळे आगगाडी शहापूर तालुक्यातून गेली आणि शेजारचा मुरबाड तालुका तिच्यावाचून राहिला. धान्याचा बाजार, शाळा-कॉलेज, नोकरी, दवाखाना या साऱ्यांच्या वाटा त्या रेघेने ठरविल्या. अभियंत्यांचा निर्णय डोंगराच्या दृष्टीने योग्य होता. पण मुरबाडच्या माणसाने तो कोणत्या मनाने स्वीकारावा, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

मग खरे रूळ सरकू लागले, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी. कल्याणपासून वासिंदपर्यंत १८५५ साली, आसनगावपर्यंत फेब्रुवारी १८६० मध्ये, कसाऱ्यापर्यंत १ जानेवारी १८६१ रोजी. कसारा ते इगतपुरी हा नऊ मैलांचा तुकडा मात्र १ जानेवारी १८६५ पर्यंत लांबला. आसनगाव ते कसारा हे अंतर एका वर्षात उरकले, आणि त्याहूनही लहान असलेल्या पुढच्या अंतरास चार वर्षे लागली. डोंगर फोडण्यास ऑक्टोबर १८५७ मध्येच आरंभ झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नऊ मैलांची किंमत कळते. बर्कले स्वतः घाट पुरा झालेला पाहण्यास जगले नाहीत. १८६२ साली त्यांचा अंत झाला. सुरुंग, पटकी आणि ज्वर यांनी गेलेल्या मजुरांची तर नावेही कोठे नोंदलेली आढळत नाहीत. बोरघाटात जानेवारी १८६१ मध्ये बेचाळीस हजारांवर माणसे कामास होती, एवढ्यावरून त्या खटाटोपाचा अंदाज यावा.

एवढ्या कष्टाने घातलेल्या मार्गातही खोटी राहिल्या. बोरघाटातला एक मोठा दगडी पूल, मऊ की मल्ली या नावाचा, मार्ग सुरू होऊन चार वर्षे झाली तोच जुलै १८६७ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधावा लागला. खोट पायाशी होती, ती वर रूळ घातल्यावर बाहेर आली. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही घाटांत ठेवलेली उलटफेरीची स्थानके. डोंगराच्या उभ्या कड्यावर वळण घेण्यास जागा नाही असे दिसले, तेव्हा गाडी एका आंधळ्या टोकास न्यावयाची, एंजिन सोडवून दुसऱ्या टोकास लावावयाचे, आणि उलट दिशेने पुढचा चढ चढावयाचा, अशी युक्ती योजिली होती. त्या काळच्या लहान गाड्यांना ती सोसली. गाड्या लांबल्या, वाहतूक वाढली, आणि हीच युक्ती घशात अडकलेल्या घासासारखी झाली. मग पुन्हा मोजणी, पुन्हा सुरुंग, नवे बोगदे आणि नवा मार्ग. बोरघाटातील उलटफेरी १९२९ साली गेली. थळघाटातीलही इतिहासजमा झाली. एके काळी अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून गौरविलेले रूळ लोकांनी हाताने उचलून बाजूस ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी खडीवर ऊन पाणी शिंपडले. पांढरा गोंद पाण्याने पुन्हा मऊ होतो. अर्ध्या तासाने खडी चमच्याने निघाली आणि पातळ पाते खालून सरकविल्यावर रूळही न वाकता वर आले. खडी धुऊन पोरीने उन्हात वाळत घातली. नवा मार्ग आता प्रथम कागदावर पुऱ्या आकारात काढला गेला. चढ सदतिसाऐवजी पन्नासाचा केला, आणि उंचीत जो इंचभर तोटा आला तो खालचा मार्ग थोडा उतरवून भरून काढला. चढाच्या तोंडाशी फळी एकाच बिंदूत न मोडता हातभर लांबीत हळूहळू वाकविली. दोन वळणांमध्ये एका डब्याएवढा सरळ तुकडा घातला. तेवढ्यासाठी पूल चार बोटे सरकवावा लागला. खऱ्या घाटातील एहेगावचा पूल अडीचशे यार्ड लांब आहे. मास्तरांचा पूल त्याच्यापुढे साकवच, पण तोही सरकविताना मास्तरांचे हात कापले. खिळे पुरते ठोकले नाहीत, नुसते टेकविले. सांध्यांच्या यंत्रावर गोंदाचा थेंबही जाऊ नये म्हणून कागद लावला. कारण एकदा ती जीभ चिकटली की सांधेवाल्याने कितीही ओढली तरी मार्ग बदलत नाही.

मग गाडी. पुढे एकच एंजिन, पहिल्याने नुसते. मग एक वाघीण, मग तीन, मग आठ. चढताना, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उतरताना. वाघिणी मागे-पुढे करून, एंजिनाने सावकाश रेटून, मग जोरात. चार दिवस हाच उद्योग. मुकादम रोज संध्याकाळी येत, रुळाच्या रेषेत डोळा लावीत आणि एखादा खिळा केसभर इकडे-तिकडे करून जात. खडी या खेपेस घातली नाही. आराशीत पाहुण्यांना उघडे बूच दिसले आणि एक-दोघांनी तसे बोलूनही दाखविले. नातीने त्यांना बजावले, की खडी पुढच्या वर्षी.

मेजाच्या उजव्या कोपऱ्यात, चढापासून अलीकडे, एक रिकामी फळी राहिली आहे. तिच्यावर मास्तरांनी पेन्सिलीने एक रेघ काढून ठेवली आहे. ती कल्याणच्या बाजूने येते आणि मुरबाडवरून माळशेजकडे चढत जाते. नातीला ती रेघ फार पसंत आहे. तिच्यावर रूळ केव्हा घालणार असे ती विचारते, आणि मास्तर मुकादमांकडे पाहतात.

"आधी चढ मोजा," मुकादम म्हणतात.